तयार देशातला भाऊ

मी देशांना गुण देते. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नेमकं काय करतेस? मोबाईलचं पुढच्या पिढीचं जाळं उभारायला कोणता देश किती तयार आहे, हे बघायचं माझं काम. टॉवर किती आहेत, जमिनीखालून काचेच्या तारा कुठवर पोचल्या, लहरींचं वाटप झालं का, वीज टिकते का, लोकांच्या हातात तसे फोन आहेत का, कायदा काय म्हणतो. प्रत्येक बाबीला गुण, गुणांची बेरीज आणि बेरजेवरून क्रमांक. कंपनी दुसऱ्या शहरात आहे, मी संभाजीनगरला सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बसून हे करते. ज्या देशांत माझं पाऊलही पडलेलं नाही, त्यांना मी खिडकीजवळच्या टेबलावरून पास-नापास करते. माझा धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, तू चुकून या धंद्यात आलीस, तुझ्या हातात छडीच शोभली असती."

भाऊही याच धंद्यातला, पण दुसऱ्या टोकाचा. आयटीआय करून तो वाळूजला एका कारखान्यात लागला, तिथं मन रमेना म्हणून टॉवरवर चढून अँटेना बांधणाऱ्या ठेकेदाराकडे गेला. त्याला उंचीचं भय नव्हतं. मी ज्या टॉवरांची गणती करायची, त्यांच्यावर तो कमरेला पट्टा बांधून लोंबकळायचा. गंगापूरकडच्या एका टॉवरवरून त्यानं एकदा मला फोन केला आणि म्हणाला, "इथून सगळा ऊस दिसायलाय. तुझ्या तक्त्यात दिसतो का?"

आमच्या घरात मोबाईलच्या कामातली अशी दोन माणसं होती आणि तिसरी आई, जिला फोनचा काडीचा उपयोग नव्हता. आईला ऐकू येत नाही. भाऊ तान्हा असताना तिला मोठा ताप आला, महिनाभर ती अंथरुणावर होती, आणि उठली तेव्हा कान गेले होते. त्यामुळे भावाचा आवाज तिनं रडण्यापुरताच ऐकलेला. तो बोलायला लागला तो तिच्यासाठी नुसता ओठांनी. तो मोठा झाल्यावर कसा बोलतो, जाड आवाजात की बारीक, हे तिनं मला कितीदा तरी विचारलं. मी सांगायची, "घोगरा आहे." मग ती त्याच्याकडे बघून हसायची.

ती ओठ वाचते. कुणी शिकवलं नाही, दोन लहान पोरं आणि एक घर हाकायचं म्हटल्यावर आपोआप आलं. त्यावरून आमच्या घरात एक रीत पडली. आईशी बोलताना आवाज काढायचा नाही. काढून उपयोग काय? ओठ नीट हलवायचे, तोंड उजेडाकडे ठेवायचं, घास तोंडात असताना बोलायचं नाही. बाकीच्या घरांत हे शिष्टाचार म्हणून शिकवतात, आमच्याकडे कळावं म्हणून. शेजारच्या बायकांचा समज होता की या घरात भांडणं होत नाहीत. भांडणं रग्गड व्हायची, पण त्यात ऐकू यायचा तो एकट्या आईचा आवाज, आणि शेजाऱ्यांना वाटायचं ही बाई पोरांना उगीच बोलते. लाईट गेली की मात्र आई बहिरी व्हायची. एरवी आम्हांला ते आठवायचंही नाही.

सगळ्यांत जास्त भांडण आईचं आणि भावाचं. तो तिला चिडवायचा, ती त्याला शिव्या घालायची, तो मुद्दाम तोंडावर हात धरून काहीतरी बोलायचा, मग ती लाटणं घेऊन उठायची. वडील गेल्यावर घरात जे काही हसणं उरलं ते या दोघांच्या भांडणात होतं. मी त्यात नसायची. मला कामाच्या वेळी गोंधळ चालत नाही, आणि त्यातला भावाचा गोंधळ तर आवाज न करता चालायचा, म्हणून त्याची तक्रारही करता यायची नाही.

मग भावाला आखाती देशातून बोलावणं आलं. नव्या जाळ्याचे अँटेना चढवायचे होते आणि इथल्या अनुभवाच्या पोरांना तिथं मागणी होती. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. आमच्या तक्त्यात तो कायम वरच्या अंगाला असतो. वाळवंटातसुद्धा टॉवर, घरोघरी काचेची तार, लोकांच्या खिशात अगदी नवे फोन. आई म्हणाली, "जाऊ दे की. आता काय, फोनात तोंड दिसतं." आम्हां तिघांनाही तसंच वाटलं. विमानतळावरून त्यानं मला व्हिडिओ कॉल केला, आईशी नेहमीसारखा भांडला आणि गेला.

तिथं पोचल्यावर कळलं की त्या देशात तोंड बघून बोलायच्या कॉलना बंदी आहे. साधा फोन लावा, हवं तेवढं बोला. फोटो पाठवा, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पाठवा. पण आपण फुकट वापरतो त्या ॲपवर समोरासमोर बोलायचं नाही. परवानगी असलेली एक-दोन ॲप होती, ती त्याच्या कामगार कॅम्पातल्या नेटवर चालायची नाहीत. त्या देशाचे कायदे मी वाचलेले होते. लहरींचे, परवान्यांचे, विदेशी गुंतवणुकीचे. हा नियमही कुठंतरी डोळ्यांखालून गेला असणार. पण आपल्या घरातली बाई ओठांनी ऐकते आणि हा नियम तिच्यासाठी आहे, हे ना मला सुचलं, ना जाळी बांधत हिंडणाऱ्या भावाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्याचा साधा फोन पहिल्यांदा आला तेव्हा आई शेजारीच बसलेली. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले, पलीकडून काहीच नाही. लाईन खराब आहे असं समजून मी ठेवणार, तेवढ्यात तो ओरडला, "ताई, अगं मी बोलतोय!" आईशी बोलायचा फोन म्हटल्यावर सवयीनं त्याच्या तोंडातून आवाजच निघाला नव्हता. आम्ही दोघं खूप हसलो. आई माझ्या तोंडाकडे आणि फोनकडे बघत होती. "काय म्हणला? मला सांग की," म्हणाली. मी सांगितलं. तिला तेवढं हसू आलं नाही.

मग त्यानं व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली. कॅम्पातल्या लोखंडी पलंगावर बसून, ट्यूबलाईटकडे तोंड करून तो आधी ओठांनी "जय भीम, आई" म्हणायचा आणि मग दिवसभराचं सगळं सांगायचा. अर्थात आवाज न काढता. खोलीतल्या दुसऱ्या पोरांना वाटलं हा कसली तरी प्रार्थना करतो, म्हणून ती तेवढा वेळ गप्प बसायची. आई फोन डोळ्यांसमोर धरून बघायची आणि मध्येच विचारायची, "जेवलास का?" व्हिडिओतला भाऊ पुढचंच काहीतरी बोलत राहायचा. ती परत विचारायची. मग फोन माझ्याकडे द्यायची. "हा माझं ऐकतच नाय."

"आई, हे सकाळचं आहे."

"मग आत्ता काय करायलाय?"

ते मला तरी कुठं माहीत असायचं. मी तिची उत्तरं रेकॉर्ड करून पाठवायची, त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं, तोवर तिचा प्रश्न शिळा झालेला असायचा. त्यानं चिडवलं की ती चिडायची, पण ते चिडणं त्याला बघायला मिळायचं ते चोवीस तासांनी. एकदा ती म्हणाली, "असं भांडायला मजा येत नाय गं." मी म्हटलं, "बरं आहे की, शांतता आहे घरात." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून चहा ठेवला.

तिला साखर होतीच. पुढच्या हिवाळ्यात तिला अक्षरं हलताना दिसू लागली. डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि मग माझ्याकडे तोंड करून सांगितलं की दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर रक्त उतरलंय, इंजेक्शन देऊ, लेझर करू, पण गेलेलं परत येणार नाही आणि राहिलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. तिला बाजूनंही ओठ वाचता येतात, हे त्या भल्या माणसाला कुठून माहीत असणार. आम्ही रिक्षानं परत निघालो. क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "त्याला एकदा समोर बशीव. व्हिडिओ नको. मी काय म्हणलं की त्यानं त्याच्यावर म्हणायला पायजे. एकदाच. डोळे हायेत तवर."

एवढंच तिचं मागणं होतं. मी तिला हो म्हटलं, कारण मला ते अवघड वाटलं नाही. सुट्टी टाकेल, आठ दिवस येईल. भावानं सुट्टी मागितली. पण तिथल्या सरकारनं नव्या जाळ्याच्या उद्घाटनाची तारीख जाहीर केली होती आणि ती गाठेपर्यंत टॉवरवरच्या कुणालाही सुट्टी नव्हती. पासपोर्ट कंपनीकडे. तो फोनवर माझ्याशी भांडला, जणू तारीख मी ठरवली होती. आमच्या तक्त्यात 'सरकारनं ठाम मुदत जाहीर केली आहे का' अशी एक बाब आहे, आणि तिथं मीच त्या देशाला पूर्ण गुण दिले होते.

आपण कुठं आहोत ते लपवणारं एक ॲप असतं, ते टाकलं की कॉल लागतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं. एका शुक्रवारी दुपारी त्यानं ते करून बघितलं. मी आईला खिडकीपाशी बसवलं. भाऊ दिसला. वाळला होता, रापला होता. त्याचे ओठ हलले, आईनं पदर सारखा केला, आणि चित्र थिजलं. तोंड अर्धवट उघडं, डोळे अर्धवट मिटलेले. आई त्या तोंडाकडे बघत राहिली. "काय म्हणायलाय? नुसता आ करून बसलाय." मग तेही गेलं. पुढच्या आठवड्यात कॅम्पातल्या एकाला तेच ॲप वापरताना पकडून नेलं. तो परत आला की नाही, भावानं मला सांगितलं नाही. मीच त्याला म्हटलं, पुन्हा करू नकोस.

आईला व्हिडिओ तरी नीट दिसावेत म्हणून मी शहागंजला जाऊन मोठ्या पडद्याचा टॅब आणला. दुकानदार आमच्या ओळखीचा, वयस्कर माणूस. त्यानं आईला समोर बसवून पडद्याचा उजेड वाढवून दाखवला, अक्षरं मोठी करून दाखवली. आई मान हलवत होती. शेवटी तो मला हळूच म्हणाला, "आपा, अम्मी हौ हौ करते, पर उनकू दिखता कम है." मला त्याचा राग आला. तो उगीचच होता. तो खरं तेच बोलला होता.

त्याच दिवसांत आमच्या कामाची वार्षिक बैठक झाली, पडद्यावरच. प्रत्येकानं आपापल्या देशांचे गुण मांडायचे. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं की ज्या देशात माणसाला माणसाचं तोंड बघून बोलायला बंदी आहे, त्याचे गुण कुठंतरी कापायला नकोत का? आमचे साहेब सभ्य आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "मुद्दा चांगला आहे, पण आपण जाळ्याची तयारी मोजतो. त्यावरून लोक काय करतात, ते आपल्या कक्षेत येत नाही." मी म्हटलं, "विहीर मोजायची आणि पाणी काढायला मनाई आहे ते मोजायचं नाही, असं कसं?" दोघंतिघं हसले. पुढच्या वर्षी विचार करू, असं ठरलं. मी मुकाट्यानं कायद्याच्या बाबीत त्या देशाचे थोडे गुण कमी केले. तपासणाऱ्यांनी ते पूर्ववत करून 'आधार द्यावा' अशी टीप लिहिली. आधार माझ्या शेजारी खुर्चीत बसला होता, टॅब नाकाला लावून. तो देश त्या भागात पहिला आला.

आईची नजर एकदम गेली नाही. मी बोलायची आणि ती "व्हय, व्हय" म्हणायची, मग मी काय म्हटलं ते तिला कळलेलंच नाही हे माझ्या लक्षात यायचं. मी तोंड तिच्या अगदी जवळ न्यायची. मग तेही पुरेना. एका सकाळी तिनं हात पुढं करून माझं तोंड चाचपलं आणि बोटं ओठांवर ठेवली. "आता बोल," म्हणाली. मी म्हटलं, चहा. "चहा," ती म्हणाली. मी म्हटलं, गोळी. तिला होळी वाटलं. मग मी पुन्हा म्हटलं, सावकाश. अशी आमची नवी शाळा सुरू झाली. छोटी वाक्यं जमायची, लांब वाक्यं ती अंदाजानं पुरी करायची, आणि अंदाज चुकला की माझ्यावरच डाफरायची. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची. तिला ऐकू जाणार नव्हतं, दिसणार नव्हतं, तरी स्वयंपाकघरातच जायची.

भावाला मी सगळं सांगितलं होतं. तरी तो व्हिडिओ पाठवत राहिला. मी ते एकटीच बघायची.

उद्घाटन झालं. त्यानंतर कंपनीनं त्याला सुट्टी देण्याऐवजी शेजारच्या देशात दुसऱ्या कामावर पाठवलं. हा देश गरीब. टॉवर तुटपुंजे, वीज जाते, काचेची तार राजधानीबाहेर फारशी नाही. आमच्या तक्त्यात तो खालून मोजावा लागतो, आणि ते गुण मीच दिलेले. तिथं पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. "ताई, इथं चालतं. इथं कसलीच बंदी नाय. लाव ना." वरातीमागून घोडं म्हणतात. पण मी त्याला तसं म्हटलं नाही.

रविवार होता, सकाळची वेळ. मी टॅब उभा केला, आईला समोर बसवलं, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि तिची बोटं माझ्या ओठांवर ठेवली. चित्र आलं. मधूनमधून अडकत होतं, पण चालत होतं. भावानं आईला बघितलं. ती त्याच्याकडे नाही, थोडी डावीकडे, भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्याचे ओठ हलले. आवाज न काढता. मी ते वाचलं आणि माझ्या ओठांनी तसंच म्हटलं.

"जय भीम, आई."

"जय भीम," ती मला म्हणाली. "कोण आलंय?"

मी सांगितलं की तो आहे, फोनवर आहे, समोर आहे, आत्ता आहे. तिचा चेहरा उजळला. मग लगेच सावध झाला. तिनं विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, जेवलो. मी म्हटलं, जेवलो. "काय जेवलास?" खिचडी. "कुणी केली?" मीच. ती म्हणाली, "तुला कुठं येती खिचडी?" तो हसला, म्हणाला, तुझ्यापेक्षा बरी येते. मी तेही ओठांनी म्हटलं.

"हे तो म्हणला का तू?"

तो म्हणाला, "मी म्हटलं." मी आईला ओठांनी म्हटलं, "तो म्हणाला." तिनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग भावानं तिला आठवण सांगायला सुरुवात केली. लहानपणी गंगापूरच्या बाजारात तो हरवला होता, तिला हाका ऐकू जाणार नाहीत म्हणून एका बैलगाडीवर चढून हात हलवत उभा राहिला, आणि तिनं त्याला लांबून बघितलं. मी एकेक शब्द सावकाश तिच्या बोटांवर ठेवत गेले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते तर तुलाबी ठावं हाय. तू तवा माझ्या कडेला उभी होतीस."

तो जे जे सांगेल ते मला माहीत होतं. आम्ही एकाच घरात वाढलेलो. त्याचे ओठ तिच्या ओळखीचे होते आणि तिच्या बोटांखाली होते ते माझे.

तिनं हात काढून घेतला आणि माझ्या गालावर ठेवला. "तू लई चांगली हायेस गं," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून करायलीस, कळतंय मला. पण त्याच्या नावानं नको बोलत जाऊ. तो इथं नाय. तो आला की मी त्याच्याच तोंडाला हात लावीन."

मग ती भिंत धरत उठली आणि आतल्या खोलीत गेली. मी टॅबकडे बघितलं. चित्र अगदी स्पष्ट होतं, अडकत नव्हतं. भाऊ समोर होता आणि तिचं सगळं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं.